सैनिकाचे हृदय : ज्वरोत्तर धाप आणि धडधड यांच्या निदानाचा इतिहास (१८७१ ते २०२१)

प्रस्तावना

न्यूमोनिया, विषमज्वर किंवा तत्सम एखाद्या तीव्र आजारातून उठलेला विशी-तिशीतील तरुण काही आठवड्यांनी पुन्हा डॉक्टरांच्या दारात येतो. ताप केव्हाच उतरलेला असतो, खोकला थांबलेला असतो, भूकही परत आलेली असते. तक्रार एवढीच असते की, एक जिना चढला तरी धाप लागते, उभे राहिले की छातीत धडधडते, कधी डोळ्यांपुढे अंधारी येते आणि पूर्वी सहज होणारे काम आता होत नाही. तपासणीत फुप्फुसे स्वच्छ आढळतात, हृदयात दोष दिसत नाही. तपासणारा म्हणतो, सारे ठीक आहे. तपासून घेणाऱ्याचे शरीर मात्र तसे म्हणत नाही.

या पेचाला पाश्चात्त्य वैद्यकाने गेल्या दीडशे वर्षांत वेगवेगळी नावे दिली. ‘चिडखोर हृदय’, ‘सैनिकाचे हृदय’, ‘हृदयाची विस्कळित क्रिया’, ‘श्रमलक्षणसमूह’, ‘न्यूरोसर्क्युलेटरी अस्थेनिया’, ‘चिंताविकृती’ आणि अलीकडचे ‘पॉट्स’ ही त्यांपैकी ठळक होत. प्रत्येक नावाबरोबर रोगाचे कारण एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकले. कधी ते सैनिकाच्या पट्ट्यात होते, कधी रक्तात, कधी मनात. प्रस्तुत लेखात या नामांतराचा मागोवा घेतला असून, ही नावे ठरविण्यात रुग्णशय्येवरील निरीक्षणाइतकाच लष्कराच्या आणि निवृत्तिवेतन खात्याच्या गरजांचा वाटा होता, असे प्रतिपादन केले आहे. पहिल्याच निरीक्षकाने टिपलेल्या दोन साध्या गोष्टी, आधी येऊन गेलेला आजार आणि उभे राहताच बदलणारी नाडी, या स्थित्यंतरात शतकभर मागे पडल्या. या इतिहासातील खरी खंत ती आहे.

फिलाडेल्फियातील नोंदी

जेकब मेंडेस डा कोस्टा यांचा जन्म १८३३ मध्ये कॅरिबियन समुद्रातील सेंट थॉमस बेटावर झाला. हे बेट त्या वेळी डेन्मार्कच्या ताब्यात होते. फिलाडेल्फियातील जेफरसन मेडिकल कॉलेजमधून १८५२ मध्ये पदवी घेऊन त्यांनी पॅरिस व व्हिएन्ना येथे पुढील अभ्यास केला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) फिलाडेल्फियातील टर्नर्स लेन या लष्करी रुग्णालयात ते काम करीत होते. याच रुग्णालयात वेअर मिचेल आणि त्यांचे सहकारी बंदुकीच्या गोळीने मज्जातंतूंना झालेल्या जखमांचा अभ्यास करीत होते. मिचेल यांची कीर्ती सर्वदूर पसरली. त्यांच्या शेजारच्या कक्षांतून डा कोस्टा यांनी केलेले काम तुलनेने कमी नाट्यमय होते, कारण त्यांच्या रुग्णांच्या अंगावर जखम नव्हती.

या युद्धात रणांगणावर मेलेल्या सैनिकांपेक्षा रोगाने मेलेल्यांची संख्या सुमारे दुप्पट होती. अतिसार, विषमज्वर, हिवताप आणि न्यूमोनिया हे छावण्यांचे नित्याचे सोबती होते. जे मेले त्यांची नोंद झाली. जे वाचले ते पुन्हा पलटणीत पाठविले गेले आणि त्यांतील काही जण थोड्याच दिवसांत परत रुग्णालयात आले. डा कोस्टा यांनी वर्णिलेला नेहमीचा वृत्तांत असा : काही महिने नोकरी केलेल्या सैनिकाला अतिसार होतो किंवा ताप येतो. थोडे दिवस रुग्णालयात काढून तो कामावर रुजू होतो आणि आपण सोबत्यांच्या बरोबरीने चालू शकत नाही, हे त्याच्या ध्यानात येते. दम लागतो, चक्कर येते, छातीत धडधडते आणि दुखते, पाठीवरचे ओझे जाचते. तरीही पाहणाऱ्याला तो धडधाकट दिसतो.

शेवटची बाब महत्त्वाची आहे. छावणीत धडधाकट दिसणारा पण कूच करू न शकणारा सैनिक हा कामचुकार समजला जाण्याची शक्यता मोठी होती. डा कोस्टा यांनी त्याची तक्रार खरी मानली. तीनशेहून अधिक रुग्ण पाहून, त्यांतील दोनशेंचे तपशीलवार विश्लेषण करून त्यांनी आपला प्रबंध जानेवारी १८७१ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ द मेडिकल सायन्सेस’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि या अवस्थेस ‘चिडखोर हृदय’ असे नाव दिले. कारणांच्या त्यांच्या वर्गीकरणात सुमारे एक तृतीयांश रुग्णांमध्ये अतिश्रम, विशेषतः लांब पल्ल्याची कूच, हे कारण आढळते. सुमारे तीन दशांशांमध्ये अतिसार आणि साधारण एक षष्ठांशामध्ये ज्वर हे कारण दिलेले आहे. म्हणजे जवळजवळ निम्म्या रुग्णांची कहाणी एखाद्या संसर्गाने सुरू झालेली होती. आजारातून उठलेल्या सैनिकास घाईने रणांगणावर धाडू नये, हा त्यांचा सल्ला याच आकड्यांतून आलेला आहे.

डा कोस्टा यांच्या हाती साधने थोडी होती. छातीला लावायची नळी, हाताची बोटे आणि घड्याळ. तेवढ्या बळावर त्यांनी आणखी एक गोष्ट टिपली. या रुग्णांची नाडी मिनिटाला शंभराच्या पुढे, कधी एकशेचाळीसपर्यंत धावत असे. पण ती शरीराच्या स्थितीनुसार झपाट्याने बदले. निजलेल्या रुग्णाची नाडी पुष्कळ खाली येई, उभे केले की ती पुन्हा चढे. त्यांनी हे निरीक्षण इतर अनेक निरीक्षणांच्या ओळीत मांडले आणि ते पुढे गेले. हृदयाची ही क्रियात्मक गडबड दीर्घकाळ राहिल्यास हृदय आकाराने वाढते व खराखुरा हृदयविकार जडतो, असे त्यांचे मत होते. उपचारांत विश्रांतीबरोबर डिजिटॅलिसवर त्यांची भिस्त होती. आजच्या दृष्टीने यांतील बरेच टिकणारे नाही. नोंदी मात्र टिकल्या.

पट्टा आणि पाठपिशवी

अटलांटिकच्या दुसऱ्या तीरावर ब्रिटिश लष्करही याच प्रश्नाने त्रस्त होते. नेटली येथील लष्करी वैद्यक विद्यालयाचे प्राध्यापक विल्यम मॅक्लीन यांनी १८६७ मध्ये सैनिकांतील हृदयविकाराकडे लक्ष वेधले आणि दोष पाठपिशवीच्या आवळणाऱ्या पट्ट्यांना दिला. मॅक्लीन यांनी त्यापूर्वी मद्रासच्या सैन्यात नोकरी व तेथील वैद्यक महाविद्यालयात अध्यापन केले होते. उष्ण प्रदेशात जाड बनातीचा डगला आणि छातीवर ताणलेले पट्टे घालून चालणारा सैनिक त्यांनी जवळून पाहिलेला होता. १८७० मध्ये आर्थर मायर्स या लष्करी शल्यवैद्याने याच विषयावरील निबंधात गळपट्टी, तंग डगला आणि कमरपट्टा यांच्यावर ठपका ठेवला. सैल पोशाखातील खलाशांची तुलना त्यांच्या हाताशी होती.

हे निदान प्रशासनाला सोयीचे होते. पट्टा बदलता येतो, त्यासाठी निविदा काढता येते. १८७१ मध्ये ब्रिटिश लष्कराने नव्या धर्तीची पाठपिशवी स्वीकारली. ओझे छातीवरून कमरेवर उतरले, सैनिकांची सोय झाली, ही सुधारणा स्वागतार्हच होती. पण धाप आणि धडधड काही थांबली नाही. पुढील चार दशके हा विषय थंडावला, कारण तेवढ्या मोठ्या संख्येने तरुणांना एकाच वेळी एकाच कसोटीवर उभे करण्याचा प्रसंगच आला नाही.

हॅम्पस्टेड आणि कोल्चेस्टर

तो प्रसंग १९१४ मध्ये आला. पहिल्या महायुद्धाच्या पहिल्या दोन वर्षांत हृदयाच्या तक्रारींमुळे परत पाठविल्या जाणाऱ्या ब्रिटिश सैनिकांची संख्या हजारांच्या घरात गेली. लष्करी कागदोपत्री त्यांचे दोन गट होते : ‘हृदयाची विस्कळित क्रिया’ आणि ‘हृदयाच्या झडपांचा रोग’. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना डी.ए.एच. आणि व्ही.डी.एच. असे म्हणत. कोणता सैनिक कोणत्या गटात जाईल, हे पुष्कळदा छातीवर नळी लावणाऱ्याच्या कानावर अवलंबून असे. हृदयाच्या आकुंचनाबरोबर थोडी कुरकुर ऐकू आली की झडप बिघडली, असे मानण्याची रीत होती.

या रीतीवर प्रहार करणारे जेम्स मॅकेन्झी हे लँकेशायरमधील बर्नली या गिरणगावात अनेक वर्षे सामान्य वैद्यकीय व्यवसाय केलेले गृहस्थ होते. एकेका रुग्णाला त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले होते. कुरकुर ऐकू येणारी कितीतरी माणसे म्हातारी होईपर्यंत निरोगी राहतात, हे त्यांना ग्रंथांतून नव्हे, शेजारपाजारच्या माणसांवरून ठाऊक होते. हृदय काय आवाज करते यापेक्षा ते किती काम करू शकते हे पाहावे, हे त्यांचे सूत्र. १९१६ च्या आरंभी ‘सैनिकाचे हृदय’ या विषयावरील व्याख्यानात त्यांनी या रुग्णांपैकी बहुतेकांचा हृदयविकाराशी संबंध नसून, संसर्गाने आलेल्या सर्वसाधारण दुर्बलतेचे हृदय हे केवळ एक अंग आहे, अशी भूमिका घेतली. डा कोस्टा यांच्या नोंदींतील ज्वराचा धागा येथे पुन्हा हाती आला.

त्याच वर्षी लंडनमधील हॅम्पस्टेड येथे अशा सैनिकांसाठी खास रुग्णालय सुरू झाले. मॅकेन्झी, विल्यम ऑस्लर आणि क्लिफर्ड ऑलबट हे सल्लागार, तर प्रत्यक्ष कामाची धुरा थॉमस लुईस यांच्याकडे होती. १९१७ मध्ये हे काम कोल्चेस्टर येथील सोब्राँव लष्करी रुग्णालयात हलविण्यात आले. (सतलजच्या काठी १८४६ मध्ये इंग्रजांनी शिखांवर मिळविलेल्या विजयाचे हे नाव एसेक्समधील एका बराकीला दिले गेले होते आणि सत्तर वर्षांनी तेथे धापा टाकणारे इंग्रज तरुण येऊन पडले.)

लुईस हे ईसीजी यंत्राच्या अभ्यासातील अग्रणी होते. पण या रुग्णांच्या बाबतीत यंत्राने साथ दिली नाही. आलेखात सांगण्याजोगा दोष निघेना. रक्तातील आम्लाचा तोल सांभाळणारे क्षार कमी झाल्याने धाप लागत असावी, अशा तर्काने त्यांनी शरीरक्रियाशास्त्रज्ञ जोसेफ बारक्रॉफ्ट प्रभृतींबरोबर रक्ताच्या चाचण्या केल्या. तो तर्क पुढे टिकला नाही. अखेर त्यांनी तपासणीचे साधनच बदलले. सैनिकाला व्यायाम करायला लावायचे, नाडी किती चढते व किती वेळाने उतरते हे पाहायचे, मग सोप्यापासून कठीण अशा कवायतीच्या पायऱ्यांवर त्याला चढवत न्यायचे. जो जेथे थांबेल ती त्याची मर्यादा. एकच कवायत निदानही करी आणि उपचारही. निरोगी माणसाला अतिश्रमाने जे होते तेच या रुग्णांना अल्पश्रमाने होते, या निरीक्षणावरून त्यांनी ‘श्रमलक्षणसमूह’ ही संज्ञा रूढ केली. १९१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाच्या शीर्षकात जुने ‘सैनिकाचे हृदय’ आणि नवा ‘श्रमलक्षणसमूह’ असे दोन्ही शब्द शेजारी-शेजारी आहेत.

लुईस यांच्या रुग्णांच्या पूर्ववृत्तांतही संसर्गाचा इतिहास वारंवार आढळतो. पण त्यांच्यापुढील प्रश्न ‘हा का आजारी पडला’ हा नव्हता. ‘हा खंदकात परत जाऊ शकेल काय, हलके काम करू शकेल काय, की याला निवृत्तिवेतन देऊन मोकळे करावे’ हा होता. वैद्यकीय संशोधन समितीसाठी १९१७ मध्ये त्यांनी लिहिलेला अहवाल या दृष्टीने वाचनीय आहे. त्यात वैद्यकाची शिस्त आणि मनुष्यबळाचा हिशेब एकमेकांत असे मिसळले आहेत की, त्यांना वेगळे करणे कठीण जाते. यात लुईस यांना दोष देण्याचे कारण नाही. कुरकुरीच्या जोरावर ‘हृदयरोगी’ ठरून जन्मभर अंथरुणाला खिळण्यापासून त्यांनी असंख्य तरुणांना वाचविले, हे त्यांचे ऋण मोठे आहे.

१९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरल्यावर तिचे काही तरुण डॉक्टर कोल्चेस्टर येथे शिकण्यास आले. ओपनहायमर, लेव्हिन, विल्सन आदींनी १९१८ मध्ये ‘न्यूरोसर्क्युलेटरी अस्थेनिया’, म्हणजे मज्जा व रक्ताभिसरण यांचे दौर्बल्य, असे नवे नाव सुचविले. ‘हृदय’ हा शब्द त्यातून मुद्दाम वगळला होता. हृदयाचे नाव ऐकताच सैनिक घाबरतो आणि बरा होत नाही, असा त्यामागील विचार होता.

मनाकडे

युद्धानंतर विशीतल्या तरुणांचा हा समुदाय तिशीत पोचला, तरी त्यांतील अनेकांच्या तक्रारी संपल्या नाहीत. लुईस यांचे सहकारी ग्रँट यांनी १९२० च्या दशकाच्या मध्यास त्यांचा पाच वर्षांनंतरचा वृत्तांत प्रसिद्ध केला. हृदयविकाराने मरण पावणारे त्यांत अधिक नव्हते; पण पूर्ण बरे झालेलेही थोडेच होते. निवृत्तिवेतनाचा भार सरकारी तिजोरीवर चालू राहिला. दुसरे महायुद्ध उभे ठाकले तेव्हा हा अनुभव प्रशासनाच्या स्मरणात होता.

लंडनजवळच्या मिल हिल येथील आपत्कालीन रुग्णालयात या रुग्णांसाठी विभाग उघडण्यात आला आणि तेथे हृदयरोगतज्ज्ञांबरोबर मानसोपचारतज्ज्ञांनाही स्थान मिळाले. तेथील हृदयरोगतज्ज्ञ पॉल वुड (जन्म १९०७, निलगिरीतील कुन्नूर) यांनी १९४१ मध्ये दिलेल्या गुलस्टन व्याख्यानांनी या विषयाची दिशा पालटली. वुड यांचा युक्तिवाद बळकट होता. या रुग्णांतील लक्षणे श्रमाच्या परिणामांपेक्षा भीतीच्या परिणामांशी अधिक जुळतात. लांब उसासे, डाव्या छातीतील टोचणी, घाम, कंप ही भावनिक क्षोभाची भाषा आहे. रुग्ण तिचा अर्थ ‘हृदय बिघडले’ असा लावतो, श्रमात मृत्यू येईल असे त्याला वाटते, त्या भीतीने लक्षणे वाढतात आणि एक दुष्टचक्र सुरू होते. डॉक्टरांचे अर्धवट बोलणे या चक्राला वेग देते. म्हणून रोग हृदयाचा नाही, संसर्गाचाही नाही. तो चिंताविकृतीचा आहे.

फ्रॉइड यांनी १८९५ मध्येच चिंताविकृती ही वेगळी अवस्था मांडताना धडधड आणि धाप यांचा समावेश तिच्या लक्षणांत केला होता. त्यामुळे वुड यांच्या निष्कर्षाला तयार घर मिळाले. श्वास अनावश्यक जोराने घेतल्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो व त्यातून अशी लक्षणे उद्भवतात, असे अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या अखेरीस दाखविण्यात आले होते. तेही या मांडणीत सामावून गेले. १९५० मध्ये बोस्टन येथील व्हीलर, व्हाइट, कोहेन आदींनी १७३ रुग्णांचा वीस वर्षांचा मागोवा प्रसिद्ध केला. आयुर्मान घटत नाही, हा त्यांचा दिलासा देणारा निष्कर्ष होता. त्या लेखाच्या शीर्षकातच न्यूरोसर्क्युलेटरी अस्थेनिया, चिंताविकृती, श्रमलक्षणसमूह आणि न्यूरॅस्थेनिया ही चारही नावे एकाच रोगाची म्हणून दिली आहेत. पुढे १९९० च्या दशकात वापरात आलेल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत ‘डा कोस्टा लक्षणसमूह’ मानसिक विकारांच्या प्रकरणात नोंदविलेला आढळतो.

वुड यांचे काही म्हणणे आजही खरे आहे. धडधडणाऱ्या छातीची भीती वाटते आणि भीतीने छाती अधिक धडधडते, हे कोणीही अनुभवाने सांगेल. पण भीती हा परिणाम असू शकतो, हे या मांडणीत निसटले. ज्या सैनिकाला चिंता तापापूर्वी नव्हती, ती तापानंतरच का आली, या प्रश्नाला वुड यांच्या चौकटीत योगायोगाखेरीज उत्तर नव्हते. रुग्णाच्या बाजूने पाहता फरक आणखी मोठा होता. ‘तुझे हृदय चांगले आहे’ हे वाक्य ऐकून तो सुटकेचा निःश्वास टाकी; ‘हे सारे तुझ्या मनात आहे’ हे ऐकून घरी परतणाऱ्याला पुढे कोठे जावे ते समजत नसे.

खाट आणि घड्याळ

माणूस निजलेला असताना उठून उभा राहतो तेव्हा सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त गुरुत्वाकर्षणाने पोट व पाय यांकडे उतरते. मेंदूचा रक्तपुरवठा टिकावा म्हणून स्वायत्त चेतासंस्था रक्तवाहिन्या आवळते आणि हृदयाची गती थोडी वाढविते. निरोगी तरुणात ही वाढ मिनिटाला दहा-वीस ठोक्यांची असते. रक्तवाहिन्या पुरेशा आवळल्या गेल्या नाहीत किंवा मुळात रक्ताचे आकारमानच घटलेले असले, तर सारा भार हृदयाच्या गतीवर येतो. या बिघाडाचे वर्णन अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या मॅक्लीन आणि ॲलन यांनी १९४० मध्ये, म्हणजे वुड यांच्या व्याख्यानांच्या आदल्याच वर्षी, केले होते. हे मॅक्लीन अर्थातच नेटलीचे नव्हेत. १९८२ मध्ये रोझेन व क्रायर यांनी अशा एका रुग्णास अधिक मीठ देऊन सुधारणा घडविल्याचे नमूद केले. आणि १९९३ मध्ये शॉनडॉर्फ व लो यांनी या अवस्थेस निश्चित व्याख्या दिली : उभे राहिल्यावर दहा मिनिटांच्या आत, रक्तदाब न घसरता, नाडी मिनिटाला तीस ठोक्यांनी वा त्याहून अधिक वाढणे. (किशोरवयीनांसाठी ही मर्यादा पुढे चाळीस ठरली.) ‘पोश्चरल ऑर्थोस्टॅटिक टॅकिकार्डिया सिंड्रोम’ या लांबलचक नावाचे ‘पॉट्स’ हे संक्षिप्त रूप होय. यातील बऱ्याच रुग्णांची कहाणी एखाद्या संसर्गापासून सुरू होते.

या व्याख्येतील नाडीची वाढ तपासायला एक खाट, एक घड्याळ आणि दहा मिनिटे पुरतात. डा कोस्टा यांच्याजवळ ही तिन्ही साधने होती.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने सावध राहणे आवश्यक आहे. टर्नर्स लेनमधील सर्व सैनिकांना मरणोत्तर ‘पॉट्स’ची चिठ्ठी चिकटविणे हा अनैतिहासिक उत्साह ठरेल. त्यांत काहींना खरोखरच संधिवातज्वराने झडपांचा रोग जडला असेल, काहींना क्षय किंवा रक्तक्षय असेल, काही भयाने खचलेले असतील आणि काही केवळ घरी जाऊ इच्छिणारे असतील. तसेच आजच्या रुग्णाला जुन्या नावाने झाकणेही धोक्याचे आहे. न्यूमोनियानंतर टिकणारी धाप ही फुप्फुसाभोवती साठलेल्या पुवाची, फुप्फुसातील रक्ताच्या गुठळीची किंवा हृदयस्नायूच्या दाहाची सूचना असू शकते. आपल्याकडे तर संधिवातजन्य झडपविकार, रक्तक्षय, थायरॉइडचे विकार आणि क्षय यांचा विचार आधी करावाच लागतो. धडधड ही ‘काही नाही’ ठरण्यापूर्वी हे सारे वगळले गेले पाहिजे.

आणखी एक बाब या इतिहासाच्या साधनांनी आपल्यापासून लपविली आहे. आज या अवस्थेचे निदान होणाऱ्यांत तरुण स्त्रिया बहुसंख्य आहेत. दीडशे वर्षांच्या या वृत्तांतात मात्र त्या उशिरा आणि कडेकडेने येतात, कारण नोंदी लष्कराने ठेवल्या आणि लष्करात पुरुष होते. बाळंतपणानंतर वा तापानंतर ‘अशक्तपणा’ म्हणून घरातच राहिलेल्या स्त्रीची नाडी उभी करून मोजण्याची गरज कोणत्याही खात्याला वाटली नव्हती.

विश्रांतीविषयीचे ज्ञानही दरम्यान बदलले होते. १९६६ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आले. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी याच पाच जणांना पुन्हा तपासले असता, वाढत्या वयाने जेवढी हानी झाली नव्हती तेवढी त्या तीन आठवड्यांनी केली होती, असे आढळले. प्रतिजैविकांपूर्वीच्या काळात न्यूमोनियातून वाचलेला रुग्ण याहून अधिक काळ निजून असे, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी. डॅलस येथीलच फू व लेव्हिन यांनी २०१० मध्ये ‘पॉट्स’च्या रुग्णांसाठी प्रथम बसून वा निजून करावयाच्या व्यायामाचा क्रम प्रसिद्ध केला. लुईस यांच्या कवायतीच्या पायऱ्या येथे वेगळ्या रूपात परत आल्या. मात्र हा उपचार सरसकट नाही. श्रमानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रकृती ढासळणाऱ्या दीर्घ थकव्याच्या रुग्णांवर पायरी-पायरीने व्यायाम लादणे अपायकारक ठरते, अशा तक्रारी दीर्घकाळ होत होत्या. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २०२१ मध्ये त्या रुग्णांसाठीची अशा व्यायामाची शिफारस मागे घेतली. कोल्चेस्टरच्या मैदानावर कवायतीत कोसळलेल्या सैनिकांत असे किती होते, हे त्या काळच्या वर्गवारीतून निघणे शक्य नाही.

मुंबई : १९१८ आणि २०२१

लुईस यांचे पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, जून १९१८ मध्ये, इन्फ्लुएंझाची साथ मुंबई बंदरात उतरली. सप्टेंबरपासून आलेली दुसरी लाट अधिक भयंकर होती. एकट्या ६ ऑक्टोबर रोजी मुंबई शहरात या रोगाने ७६८ मृत्यू नोंदले गेले. न्यूमोनिया हेच मृत्यूचे मुख्य दार होते आणि वीस ते चाळीस या वयोगटाची हानी सर्वाधिक होती. हिंदुस्थानातील मृत्यूंचा अंदाज एक कोटीच्या पुढेच जातो. सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांचा १९१९ चा प्राथमिक अहवाल या साथीचे मूलभूत साधन मानला जातो.

तो अहवाल मृतांचा आहे. त्याच वयोगटातील जे न्यूमोनियातून उठले, नांगराला किंवा गिरणीच्या साच्याला परत जाऊन उभे राहिले आणि ज्यांना धाप लागली, त्यांच्यासाठी कोल्चेस्टर नव्हते. ब्रिटिश सैनिकाची धडधड मोजली गेली, कारण तिच्यावर सरकारचा पैसा आणि मनुष्यबळ अवलंबून होते. गिरणीतील बदली कामगार उभा राहू शकला नाही तर दाराशी दुसरा तयार होता. ‘ताप अंगात राहिला’ किंवा ‘दुखण्याने खाल्ला’ असे घरचे म्हणत असतील. खात्याच्या कागदावर त्याला रकाना नव्हता.

कोविडच्या साथीनंतर हा प्रश्न जगभर एकदमच पुढे आला. दीर्घकाळ टिकणारी धाप, थकवा आणि धडधड सांगणाऱ्या रुग्णांत ‘पॉट्स’ आढळू लागला. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये कोविडोत्तर अवस्थेची व्याख्या जाहीर केली. लष्कराच्या मागणीवाचून, प्रामुख्याने रुग्णांच्याच आग्रहाने या लक्षणांना मिळालेली ही ओळख या इतिहासात वेगळी ठरते.

महाराष्ट्रात २०२१ च्या उन्हाळ्यात घरोघरी ऑक्सिमीटर आले. सहा मिनिटे चालून बोटाला ते यंत्र लावावे, असे सार्वजनिक आरोग्य विभागाने लोकांना सांगितले होते आणि लोकांनी ते मनापासून केले. त्या यंत्राच्या काचेवर दोन आकडे उमटतात. पहिला प्राणवायूचा, तो चौऱ्याण्णवच्या खाली आला की घरात धावपळ होई, वर राहिला की रुग्ण बरा समजला जाई. दुसरा आकडा नाडीचा. आजारातून उठलेला मुलगा खाटेवरून उभा राहताच तो ऐंशीवरून एकशेवीसवर गेला तरी त्याकडे पाहण्यास कोणी सांगितलेले नव्हते.